हुंगोबा आणि बाबांचं शून्य

गेल्या हिवाळ्यात आमच्या घाटमाथा विद्यापीठात कोणीही वाक्य पूर्ण करेनासं झालं होतं. त्याचं निम्मं श्रेय माझं आणि निम्मं हुंगोबाचं.

म्हणजे कसं, तर सकाळी कॅन्टीनमध्ये विचारावं, "रावजीमामा, आज काय केलंय?" तर मामा झारा हवेत धरून म्हणायचे, "आज केलंय..." आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत गप्प. मागे रांग खोळंबलेली, समोर पातेल्यात उपमा ढळढळीत दिसतोय, तरी गप्प!

पण आधी माझी ओळख. मी ओजस्वी उमराणे, इयत्ता नववी. शाळा विद्यापीठाच्या आवारातच, घरही आवारातच. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा आधी घसा खाकरायचे, आणि तोवर बाई मला गैरहजर लावून पुढच्या नंबरावर गेलेल्या असायच्या. मग त्याच बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत अक्षरशः ढकललं. व्यासपीठावर उभी राहिले आणि साक्षात्कार झाला, की मी एका दमात इतकं बोलू शकते की परीक्षकांना घंटा वाजवायला फट सापडत नाही! तालुक्यात पहिली. जिल्ह्यात पहिली. तेव्हापासून मला गप्प करणं कोणालाही जमलेलं नाही. आईनं प्रयत्न केला. दोनदा.

हा दम आला कुठून, तर बाबांच्या खोलीतून.

माझे बाबा, प्राध्यापक शिवलिंग उमराणे, हे आमच्या विद्यापीठाचा दगडफूल विभाग आहेत. विभागात आहेत असं नव्हे, तेच विभाग आहेत. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक बाबा. दगडफूल म्हणजे तेच, मसाल्यात घालतात ते काळपट-करडं, चुरगाळलेल्या कागदासारखं. ते फूल नसतं. एक बुरशी आणि एक शेवाळ असा दोघांचा संसार असतो तो. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं. पाऊस संपला की दोघंही वाळून कोरडीठाक होतात, आणि पाणी मिळालं की पुन्हा उठतात. उठल्यावर ती पहिला श्वास किती सोडतात, हे बाबा मोजतात. तो श्वास एवढा बारीक, की शेजारी माणसानं नुसता सुस्कारा टाकला तरी मोजणी वाया जाते. म्हणून बाबांच्या दारावर पाटी आहे: ‘चपला आणि श्वास बाहेर सोडावेत’. आत जायचं, बघायचं, आणि दाराबाहेर येऊन मगच फू करायचं. मी चालायला लागले तेव्हापासून त्या खोलीत श्वास रोखून उभी राहत आलेय. जिल्ह्यात पहिली उगाच नाही आले!

खोलीच्या मागे एक मोठा काळा खडक आहे, हुबेहूब कासवासारखा. म्हणून त्याचं नाव कासव. त्याच्या पाठीवर दगडफुलांचे गोल गोल चट्टे आहेत आणि बाबा दरवर्षी भिंग घेऊन ते किती वाढले ते बघतात. एक मिलिमीटर वाढतात. वर्षाला. "तुझ्या बाबांच्या आयुष्यात माझ्याआधी हे कासव आलं," असं आई म्हणते, आणि म्हणताना हसत नाही.

आता हुंगोबा.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ताटके मॅडम राहतात. त्या हवेचं रसायनशास्त्र शिकवतात आणि कुंड्यांना पाणी घालताना त्यांच्याशी भांडतात. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं खरं नाव ‘कुतूहलमापक’. पण ते सभागृहाच्या छतात बसून दिवसभर हवा हुंगतं, म्हणून सगळे त्याला हुंगोबा म्हणायला लागले.

मॅडमनी मला समजावलं ते असं: आपल्या उच्छ्वासात शेकडो वायू असतात. त्यातला एक आयसोप्रीन, तो आपल्या स्नायूंत साठलेला असतो. पुढे काय होणार म्हणून माणूस सावरून बसला, मुठी आवळल्या, की स्नायू आक्रसतात आणि तो वायू रक्तात उतरतो, रक्तातून फुप्फुसात, तिथून नाकावाटे सभागृहात. शिवाय उत्सुक माणसाचा श्वास जोरात चालतो, म्हणून कार्बन डायऑक्साइडही वाढतो. एकट्याचं काही कळत नाही, पण तीनशे माणसं एकदम खुर्चीच्या टोकावर आली की हवेची चवच बदलते. हुंगोबा ती हवा सारखी वर ओढतो, जुनी बाहेर फेकतो आणि भिंतीवर क्षणाक्षणाला आकडा दाखवतो. शून्य ते शंभर.

"टाळ्या खोट्या वाजवता येतात, ओजू," मॅडम म्हणाल्या. "श्वास खोटा सोडता येत नाही."

हे वाक्य आमच्या कुलगुरूंना, म्हणजे डॉ. रणनवरे सरांना, फारच आवडलं. त्यांची तक्रार जुनीच होती. एका मजल्यावर कोण काय संशोधन करतं हे शेजारच्या खोलीला माहीत नसतं. म्हणून त्यांनी संशोधनमेळा जाहीर केला. प्रत्येक विभागाला सात मिनिटं. सातव्या मिनिटाला घंटा वाजणार आणि त्या क्षणी हुंगोबा जो आकडा दाखवेल तो पक्का, वादच नको. ज्या विभागाचा आकडा सगळ्यात कमी, त्याची जागा विनाचालक बसच्या चार्जिंग स्टेशनला जाणार.

ही घोषणा झाली तेव्हा सगळ्यांनी हळूच मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा केळं सोलत होते.

आम्हाला अर्थ लगेच कळला. चार्जिंग स्टेशनला सपाट जागा लागते. म्हणजे कासवाला सुरुंग.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला गिऱ्हाइकं यायला लागली!

पहिल्या आल्या अर्थशास्त्राच्या खोचरे मॅडम. "ओजस्वी, तू म्हणे बोलायला शिकवतेस? माझं जरा बघतेस का?" मी बाबांकडे पाहिलं, कारण मॅडमचा आकडा वाढला तर बाबांचा आणखी खाली जाणार. बाबा म्हणाले, "जा की. मलाही कधीचं जाणून घ्यायचंय त्या काय करतात."

खोचरे मॅडम काय करत होत्या माहितीये? भाजीवाला कोथिंबीर फुकट का देतो, याचं संशोधन! त्यासाठी त्यांनी चार जिल्ह्यांतले बाजार पालथे घातले होते. मी तर उडालेच. मग आले गणिताचे घळसासी सर. पिशवीत सरळ गुंडाळून ठेवलेली चार्जरची वायर स्वतःच स्वतःला गाठ कशी मारून घेते, याची त्यांच्याकडे समीकरणं होती. भाषाशास्त्राचे मुजावर सर गावोगाव फिरून लोक म्हशीला, शेळीला, कोंबडीला कोणत्या आवाजानं बोलावतात ते गोळा करत होते, आणि ते आवाज काढून दाखवताना इतके रंगायचे की एकदा आवारातली खरीच शेळी वर्गात आली. संगीत विभाग कुकरच्या शिट्ट्यांचे स्वर लावत होता. प्राणिशास्त्रवाले शेणकिड्याच्या डोक्यावर कागदाची टोपी घालून बघत होते, की आकाश दिसलं नाही तर तो गोळा सरळ ढकलतो का. एवढं सगळं माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं आणि मला फक्त कॅन्टीनचा रस्ता माहीत होता!

ताटके मॅडमनी सरावासाठी जेवणाच्या डब्याएवढा छोटा हुंगोबा दिला. तो समोर ठेवून मी शिकवायचे.

"मॅडम, तुम्ही पहिल्याच वाक्यात उत्तर सांगून टाकता!"

"मग? उत्तर सापडलंय मला. लपवू कशाला?"

"आकडा बघा. वीस. आता असं म्हणा: भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो, आणि त्यामागे एक कारण आहे, जे कळल्यावर तुम्ही त्याच्याकडे पुन्हा त्या नजरेनं बघू शकणार नाही. आणि थांबा."

मॅडमनी म्हटलं. थांबल्या. खिडकीबाहेरचे दोन विद्यार्थी आत डोकावले. आकडा पंच्याहत्तर!

"मग कारण कधी सांगायचं?" मॅडमनी विचारलं.

मी विचार केला. कारण सांगितलं की आकडा धाडकन खाली येत होता. ऐकणारा "अच्छा!" म्हणून मागे टेकला की संपलं. आणि मोजायचा तर घंटेच्या क्षणाचा आकडा.

"सांगायचंच नाही," मी म्हटलं.

हा शोध माझा. आणि तो सर्दीसारखा पसरला. सगळ्या विभागांनी आपापली भाषणं निष्कर्षाच्या एक पाऊल आधी तोडली. फक्त तत्त्वज्ञानाच्या सरांना शिकवावं लागलं नाही, ते मुळातच कधी शेवटापर्यंत पोचत नसत. कुलगुरूसुद्धा आले, प्रास्ताविकाचा सराव करायला. त्यांना मी शिकवलं, "सर, महत्त्वाच्या शब्दाआधी तोंड मिटा आणि समोर बघा." त्यांना ते इतकं आवडलं की पुढच्या बैठकीत त्यांनी "उद्याची सुट्टी..." म्हणून पाणी मागवलं.

हळूहळू लोक सराव नसतानाही तसंच बोलायला लागले. वर्गात सर गणित फळ्याच्या काठापर्यंत सोडवायचे आणि खडू खाली ठेवायचे. घळसासी काकूंनी "साखर आणलीत का?" विचारलं, तर सर म्हणाले, "आणली..." आणि भुवया उंचावून उभे. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी माहेरी..." आणि त्यांनीही पुढे सांगितलं नाही. सरांचा चेहरा पांढराफटक!

सगळं विद्यापीठ खुर्चीच्या टोकावर बसलेलं होतं. आणि कोणालाच काही कळत नव्हतं.

एकटे बाबा सोडून. बाबा सगळी वाक्यं पूर्ण करायचे. मी त्यांच्यासमोर छोटा हुंगोबा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, सुरुवात करा."

बाबांनी चष्मा सारखा केला. "दगडफूल वर्षाला एक मिलिमीटर वाढतं. धन्यवाद."

आकडा चार.

तेवढ्यात आईनं दूध काढायला फ्रीज उघडला. फ्रीजमध्ये काय आहे याला सहा मिळाले.

"अहो, निदान धन्यवाद तरी जरा उशिरा म्हणा," आई म्हणाली. आई विद्यार्थिनींच्या वसतिगृहाची मेस सांभाळते, त्यामुळे भुकेल्या गर्दीला ताब्यात कसं ठेवायचं हे तिला कळतं. "आणि ती फ्रीजरमधली पुडी न्या दाखवायला. माझी जागा तरी मोकळी होईल."

त्या पुडीची आमच्या घरी धास्ती आहे. मी पाचवीत असताना बाबांनी कासवावरचं एक दगडफूल वाळवून, कागदात बांधून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. किती वर्षांनी ते पुन्हा उठू शकतं ते बघायला. खरं तर अशा दोन पुड्या होत्या. दुसरी आईनं चुकून कांदा-लसूण मसाल्यात भाजली. त्या दिवशी मटकीची उसळ होती. बाबा दोनदा वाढून घेऊन म्हणाले होते, "आज उसळीला काय वास आलाय!"

पुडीचं नाव ऐकताच माझ्या डोक्यात दिवा पेटला. मी बसल्या बैठकीला भाषण लिहून काढलं. पहिलं वाक्य: ‘माझ्या हातात एक प्रेत आहे!’ मग चार वर्षांची कहाणी. मग बाबांनी त्या वाळक्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो मोठ्या पडद्यावर दिसणार. "हे उठेल का?" असं विचारायचं. आणि घंटा!

बाबांनी सगळं नीट वाचलं. "छान आहे गं. आणि मग?"

"मग काही नाही. घंटा."

"पण ते उठतं की नाही ते?"

"ते नाही सांगायचं! तीच तर गंमत आहे."

"ही कसली गंमत? हे म्हणजे ताट वाढायचं आणि जेवणाऱ्याचा हात धरायचा."

"बाबा, पण कासव जाईल!" मी ओरडले. मग एका दमात जेवढं काही बोलता येईल तेवढं बोलले. सुरुंग, बस, मिलिमीटर, बाबांचं आयुष्य, माझं बालपण. शेवटी दम संपला म्हणून थांबले.

बाबा चष्मा शोधत राहिले. तो नाकावरच होता. मग म्हणाले, "जाईल तर जाईल, ओजू. मला वाईट वाटेल. फार वाटेल. पण चार वर्षं पुडीत वाट बघत बसलेल्या जिवाला पाणी पाजायचं आणि लगेच पाठ फिरवायची, हे मला जमायचं नाही."

जिल्ह्यात पहिली आलेली मी घरात हरले.

मेळ्याच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. भिंतीवर हुंगोबाचे लाल आकडे लकलकत होते. खोचरे मॅडम कोथिंबिरीची जुडी हवेत धरून "आणि ते कारण म्हणजे..." म्हणाल्या, टण्! ब्याऐंशी. घळसासी सरांनी पिशवीतून वायर अर्धी बाहेर काढली, टण्! एकोणऐंशी. मुजावर सर म्हणाले, "आणि म्हशीला बोलावण्याचा सर्वांत जुना आवाज आहे..." आणि तोंडाचा चंबू करून थांबले. अठ्ठ्याऐंशी! लोक कण्हत होते. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर "अहो, काढा की आवाज!" म्हणून हात जोडले.

माझी छाती अभिमानानं फुगत होती. ही सगळी माझीच पोरं, आणि बाबांचा नंबर शेवटचा.

बाबा आले. हातात पुडी, काचेची बशी आणि त्यांचं श्वास मोजायचं यंत्र. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि मी शिकवल्याप्रमाणे उजवा हात वर केला. म्हणजे बस थांबवतात तसा.

"माझ्या हातात," ते म्हणाले, "एक प्रेत आहे. असं माझी मुलगी म्हणते. मला तसं वाटत नाही."

हशा झाला. पंचेचाळीस. त्यांनी माझं वाक्य घेतलं होतं! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग बाबा बाबांसारखे बोलले. बुरशी आणि शेवाळाचा संसार. कासव. चार वर्षं फ्रीजर. आईची उसळ. पडद्यावर तो वाळका करडा तुकडा एवढा मोठा दिसत होता, आणि खाली यंत्राची एक सपाट रेषा. त्यांनी थेंब टाकला. करडा रंग कडेनं ओलसर गडद होत गेला. रेषा सपाट. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बाबा गप्प बघत होते, जसे ते खोलीत बघतात. आपण सभागृहात आहोत हे ते विसरले होते, आणि रेषा किंचित थरथरली तेव्हा तर ठार विसरले. सवयीनं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"श," ते कुजबुजले. "आता कोणी श्वास सोडू नका. त्याचा श्वास एवढासा आहे, आपल्यात बुडून जाईल."

मी कपाळाला हात लावला. जिथे श्वासावरच गुण आहेत तिथे तीनशे माणसांना श्वास बंद करायला सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो माझ्या नशिबी आला होता!

लोकांनी ऐकलं. सगळ्यांनी. पंखासुद्धा चोरट्यासारखा फिरत होता. भिंतीवरचा आकडा घसरायला लागला. चाळीस, सव्वीस, अकरा. ताटके मॅडम हातातल्या रिमोटवर चापट्या मारत होत्या. पडद्यावरची रेषा जागची हलली, थांबली, पुन्हा हलली.

टण्!

शून्य.

बाबांना घंटा ऐकूच आली नाही. रेषा सरळ वर चढली, आणि ते हळूच म्हणाले, "सोडला. चार वर्षांनी पहिला श्वास सोडला त्यानं. आता तुम्हीही सोडा."

सभागृहानं श्वास सोडला तो एसटीच्या दारासारखा. फुस्स! पण घंटा होऊन गेली होती. भिंतीवर शून्य गोठलेलं होतं.

कुलगुरू माइकवर आले. त्यांचा चेहरा जांभळट दिसत होता. "मंडळी, निकाल स्पष्ट आहे. सर्वांत कमी आकडा..."

"सर, एक मिनिट!" मी कधी उठले आणि कधी वर पोचले मला माहीत नाही. मागच्या वर्षीची ओजस्वी अजून घसा खाकरत बसली असती. "ताटके मॅडम, सकाळी सभागृह उघडलं, आत कोणीच नव्हतं, तेव्हा आकडा किती होता?"

"शून्य," मॅडम म्हणाल्या.

"आणि सगळे झोपले असतील तर?"

"पंधरा-वीस तरी येतो. झोपलेला माणूसही श्वास घेतो गं."

"मग बाबांच्या वेळी ही तीनशे माणसं उठून बाहेर गेली होती का?"

कोणीतरी टाळी वाजवली. कुलगुरूंनी हात वर केला. "तुझं म्हणणं कळतंय, बाळ. पण नियम म्हणजे नियम. घंटेच्या क्षणाचा आकडा."

"चालेल, सर. फक्त निकाल सांगताना हुंगोबा चालू ठेवा. तुम्हीच सांगा, आणि तुम्हीच बघा."

ताटके मॅडमनी परवानगीची वाट न बघता बटण दाबलं. आकडा पुन्हा जिवंत झाला. बासष्ट.

कुलगुरूंनी कोट सारखा केला. "तर नियमानुसार, दगडफूल विभागाच्या मागे असलेला कासव नावाचा खडक..."

आणि मी शिकवलेलं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ते महत्त्वाच्या शब्दाआधी तोंड मिटून समोर बघत राहिले.

एकोणचाळीस. सतरा. पाच.

सभागृहात पदरसुद्धा हलत नव्हता. आई दाराशी उभी होती, दोन्ही हात तोंडावर. खोचरे मॅडमची जुडी छातीशी. घळसासी काकूंनी नवऱ्याचा हात घट्ट धरलेला. आकडा शून्य झाला आणि शून्यच राहिला. कुलगुरूंनी वळून भिंतीकडे पाहिलं. मग लोकांकडे. मग त्यांचे स्वतःचे गाल हळूहळू फुगत चाललेत हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे शून्यात तेसुद्धा सामील होते!

सगळ्यांत एकटे बाबा निवांत श्वास घेत होते. ते भिंगातून तुकडा बघत होते.

चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यात उभे असलेले रावजीमामा अखेर फुटले. "आवो, सांगा की सायेब! जीव जातोय की समद्यांचा!"

"...आहे तिथंच राहील," कुलगुरू म्हणाले, आणि त्यांचाही श्वास फस्कन सुटला.

हुंगोबा शंभरावर गेला, तिथे मावेना म्हणून किंचाळायला लागला, आणि मॅडमनी त्याची वायर उपटली तेव्हा कुठे गप्प झाला. चार्जिंग स्टेशन कुठे करायचं, यावर कुलगुरू म्हणाले, "माझ्या बंगल्यापुढे हिरवळ आहे, तिचा तसाही कोणी अभ्यास करत नाही."

लोक मात्र उठेनात. मागून कोणीतरी ओरडलं, "कोथिंबिरीचं काय?" मग सगळेच ओरडायला लागले. त्या दुपारी सगळ्या विभागांनी आपापली वाक्यं पूर्ण केली. कोथिंबीर फुकट नसतेच म्हणे. परवा पुन्हा माझ्याकडेच या, असा तो भाजीवाल्याचा निरोप असतो. शेणकिड्याची टोपी काढली की तो पुन्हा सरळ चालतो. वायरचं मोकळं टोक पिशवीत जेवढं हिंदकळतं तेवढं शेजारच्या वेटोळ्यात घुसतं. आणि मुजावर सरांनी तो जुना आवाज असा काही काढला, की दूर खालच्या गावातून एका म्हशीनं उत्तर दिलं. आकडा बघायला कोणी नव्हतं. हुंगोबाची वायर तशीच लोंबत होती.

पुढच्या रविवारी बाबा आणि मी कासवावर गेलो. तो तुकडा पुन्हा त्याच्या जागी ठेवायचा होता आणि यंदाचं मोजमापही घ्यायचं होतं. बाबा पालथे झोपून भिंग लावून बसले. मी शेजारी उकिडवी, श्वास रोखून.

"किती वाढलं, बाबा?" मी गालातल्या गालात विचारलं.

बाबांनी भिंग खाली घेतलं. माझ्याकडे पाहिलं. भुवया उंचावल्या.

"यंदा..." ते म्हणाले आणि गप्प बसले.

"बाबा!"

"सांगतो. आधी तिकडे जाऊन श्वास सोडून ये."